पाच जणांचं राज्य

मालकीणबाईंनी बाइंडिंगखान्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, आता मला जमत नाही, मी लेकीकडे चालले; तुम्ही पाच जण चालवा, नाहीतर कुलूप लावा. कुलूप लावायला कोणीच तयार नव्हतं. चालवायला मात्र पाचही जण तयार होते, आणि खरी गोची तिथेच झाली.

पाच जण म्हणजे कोण, ते आधी सांगते. कापणीयंत्रावरचे दादा सगळ्यांत जुने, डाव्या हाताची करंगळी अर्धी. शिलाईच्या काकू, ज्यांची सुई चालते तितकीच जीभही चालते. पुठ्ठ्यावर कापड चढवणारा एक जण आहे, त्याला आम्ही सभापती म्हणतो, कारण दोन माणसं समोर दिसली की हा उभा राहून बोलायला लागतो. मी घडीवर. छापखान्यातून आलेला मोठा कागद तीनदा दुमडायचा की सोळा पानांचा फर्मा तयार होतो; तीस वर्षं मी तेच करते आहे. आणि माझी धाकटी बहीण जुळणीवर. फर्मे क्रमाने उचलून एकावर एक ठेवायचे, एकही सुटता कामा नये. गठ्ठ्यात एक फर्मा कमी असला तर मोजायच्या आधी तिच्या बोटांना कळतं. तिला सगळेच धाकटी म्हणतात, अगदी काकूंपासून पोस्टमनपर्यंत.

धाकटी बोलताना अडखळते, लहानपणापासून. शाळेत मुलं हसायची आणि मी त्यांना बदडून काढायची. ती एक शब्द घेऊन थांबली की पुढचं वाक्य मी पूर्ण करायची. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत, सगळीकडे. तिचा त्रास वाचायचा आणि समोरच्याचा वेळ वाचायचा. लोक मला म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

तर पहिले तीन महिने दादांचं राज्य होतं. कोणी निवडलं नव्हतं. सगळ्यांत जुने म्हणून किल्ल्या त्यांच्या खिशात गेल्या, इतकंच. वाईट नव्हतं ते राज्य. सकाळी दादा सांगायचे आणि संध्याकाळी काम झालेलं असायचं. पण एकदा शाळेच्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी यंत्रात उलटा लावला. आम्ही चौघांनीही ते पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी सभापतीकडे, सभापतीने छताकडे. धाकटीच्या तोंडून काहीतरी फुटू लागलं होतं, पण तोवर पातं खाली आलं आणि दोनशे वह्यांची शिवण कापली गेली. दादा ओरडले, तुम्हाला तोंड नव्हतं का? होतं, पण तीन महिने ते वापरायची सवय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत दादांनी स्वतःहून किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि पुन्हा घेतल्या नाहीत.

मग मतदान आलं. ही सभापतीची हौस. चहा किती वाजता इथपासून कोणतं काम आधी घ्यायचं इथपर्यंत सगळ्याला हात वर. दोन महिन्यांनी काकूंच्या लक्षात आलं की माझा हात वर गेला की मागोमाग धाकटीचा जातो. त्या म्हणाल्या, लोकशाही कसली, हे तुझं माहेर झालंय. मी त्यांना चांगलं सुनावलं. घरी आल्यावर मात्र विचारात पडले, कारण बोलणं झोंबलं म्हणजे त्यात काहीतरी होतंच.

याच सुमारास सर यायला लागले. निवृत्त प्राध्यापक, काडीसारखे बारीक. राजेशाही, लोकशाही, लष्करशाही, मूठभर शहाण्यांचं राज्य, अशा सगळ्या राज्यपद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासणारं पुस्तक ते लिहीत होते. आणि लिहिता लिहिताच छापत होते. तब्येत नरम असायची. सगळं लिहून होईपर्यंत आपण असू की नाही याची त्यांना खात्री नव्हती. एक फर्मा लिहून झाला की तो छापखान्यात, तिथून आमच्याकडे. शेवटच्या प्रकरणात सर्वांत चांगली पद्धत कोणती ते सांगायचं होतं, आणि तेच काही त्यांना सुचत नव्हतं. म्हणून ते आम्हाला विचारायचे. दादा म्हणाले, पातं एकाच्याच हातात असावं, पण बाकीच्यांनी वेळेवर ओरडावं. काकू म्हणाल्या, माझ्या टाक्यात जिथे कोणी बोट घालत नाही ते राज्य चांगलं. सभापतीचं उत्तर चाळीस मिनिटं चाललं. मी म्हटलं, जे नीट चालतं ते चांगलं. सरांनी धाकटीकडे मान वळवली तेव्हा मी लगेच म्हणाले, तिचंही तेच. सरांनी वहीत तसं लिहून घेतलं.

आम्ही बाइंडिंगवाले पुष्कळ वाचतो, पण तुकड्यातुकड्यांनी. न दुमडलेल्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं असतं, निम्मी पानं डोक्यावर उभी असतात. मला कथेतला खून आधी कळतो आणि माणूस नंतर भेटतो. सरांच्या दुसऱ्या फर्म्याचं शेवटचं पान, म्हणजे बत्तिसावं, मी असंच वाचलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. फार जुन्या काळी एका नगरात म्हणे कारभारी निवडायला मतं घेत नसत. सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात टाकत, ज्याची निघेल त्याच्या हाती ठरलेल्या मुदतीपुरता कारभार, कारण... आणि पान संपलं. कारण काय ते तेहेतिसाव्या पानावर, आणि तेहेतिसावं पान सरांनी अजून लिहिलंच नव्हतं. ते आजारी पडून अंथरुणाला खिळले होते. आम्हाला कुठला धीर. आम्ही त्या अर्ध्या वाक्यावर राज्य उभं केलं.

दर सोमवारी सकाळी पुस्तकं चिकटवायच्या सरसाच्या रिकाम्या डब्यात पाच चिठ्ठ्या. ज्याची निघेल तो आठवडाभर मुख्य. कोणतं काम आधी हे त्याने ठरवायचं, गिऱ्हाइकांशी त्याने बोलायचं, छापखान्याशी फोनवर त्याने भांडायचं. चिठ्ठ्या लिहून दुमडायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर पाच चिठ्ठ्या केल्या आणि पाचवीशी थांबले. धाकटी आणि फोन? छापखान्याचा तो माणूस, जो माझंही वाक्य पुरतं ऐकून घेत नाही? ती शब्दाशी झगडत उभी आहे आणि पलीकडून हॅलो, हॅलो चाललंय, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी पाचवी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. तिच्या भल्यासाठीच केलं, असं मी मला सांगितलं. सांगणारीही मीच आणि पटवून घेणारीही मीच, मग काय अडचण?

चौदा आठवडे हे राज्य चाललं, आणि मागच्या दोन्ही राज्यांपेक्षा बरं चाललं. दादा दुसऱ्याचं ऐकायला शिकले. सभापतीला त्याच्या आठवड्यात इतकं बोलावं लागायचं की पुढच्या आठवड्यात तो गप्प बसायचा. दर सोमवारी काकू म्हणायच्या, धाकटी नशीबवान, कटकट तिच्या वाट्याला येतच नाही. धाकटी हसायची आणि फर्मे उचलायला लागायची.

पंधराव्या आठवड्याच्या तोंडावर, शुक्रवारी, तिसरा फर्मा आला. सर बरे होऊन कामाला लागले होते. पहिला कागद मीच पसरला, आणि बत्तिसाव्या पानावर लोंबकळत राहिलेलं वाक्य तिथे पुरं झालेलं होतं. कारण, सरांनी लिहिलं होतं, नशीब कोणाचं तोंड बघून निकाल देत नाही. पण त्यासाठी एक नियम कडक पाळला जाई: चिठ्ठ्या काढण्याआधी त्या सर्वांच्या देखत मोजल्या जात, आणि ज्याने लिहिल्या त्याने मोजायच्या नाहीत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. भर दुपारी सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटायला लागलं. कागद लपवता येत नव्हता. तीनशे प्रती होत्या आणि काकू प्रत्येक फर्मा शिवता शिवता वाचतात. शनिवारी दुपारी त्यांनी ते वाचलंच, मोठ्याने. सभापती म्हणाला, वा, म्हणजे आपलं आजवरचं राज्य घटनाबाह्य होतं, सोमवारपासून मोजणी. दादा हसले. धाकटीने वर पाहिलं नाही.

रविवारी दुपारी मी टेबलावर बसून पाच चिठ्ठ्या लिहिल्या. बेत साधा होता. पाच लिहायच्या, पाच टाकायच्या, मोजणीत पाच भरतील आणि झालं गेलं कोणाला कळणार नाही. पाचवीवर नाव लिहीत होते तेवढ्यात धाकटी केस पुसत आली आणि टेबलाशी थांबली.

"आ-आज पाच?" ती म्हणाली.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, पहिल्या सोमवारपासून. डबा सगळ्यांच्या हातून फिरला होता. तिने हलवला तेव्हाच तिला कळलं होतं. जिचं आयुष्य कमी पडलेलं ओळखण्यात गेलं, तिच्यापासून मी एक चिठ्ठी लपवायला निघाले होते. माझ्या शहाणपणाला काय म्हणावं?

"मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं. ती तोंड उघडून थांबली, आणि मी सवयीने पुढे झाले, "मला वाईट वाटेल म्हणून?"

तिने मान हलवली. नाही. टॉवेल खुर्चीवर टाकला आणि पुन्हा सुरुवात केली.

"वा-वाट पाहत होते. तू टा-टाकशील म्हणून."

चौदा सोमवार. दर सोमवारी डबा हातात घेऊन तिने तो हलवला असणार, आणि दर सोमवारी चारच. आणि मग हसून फर्मे उचलायला लागली असणार. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क आपल्याला नाही असंही वाटलं. म्हणून मी विचारलं, उद्या सगळ्यांना सांगू का? तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ती म्हणाली, ते तू ठरव, मी नाही सांगणार.

सोमवारी मोजणीच्या आधी मी सांगितलं. जसं होतं तसं, पर्सच्या कप्प्यासकट. दादा यंत्राच्या चाकाकडे बघत राहिले. काकूंचा चेहरा इतका पडला की त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सभापती मात्र उभा राहिला. तो म्हणाला, हे प्रेमापोटी झालं असेल, पण सगळे राजे प्रजेचे आईबापच असतात आणि तिथूनच सगळं बिघडतं. बोलण्यात मुद्दा होता हे मला मान्य करावं लागलं. त्याने ठराव मांडला की सरांचं पुस्तक पुरं होईपर्यंत माझी चिठ्ठी डब्यात टाकू नये. त्याचा हात वर, काकूंचा वर, दादांचा अर्धा वर. मग तिघांनी धाकटीकडे पाहिलं. ती उभी राहिली. बोलायला लागली आणि पहिल्याच अक्षरावर अडली. आम्ही थांबलो, बराच वेळ थांबलो असं तेव्हा वाटलं. खरं तर घड्याळात अर्धं मिनिटही झालं नसेल. पूर्वीची मी असते तर वाक्य पुरं केलं असतं, पण त्या दिवशी तोंड उघडायला मला तोंड नव्हतं.

"राहू दे, कळलं आम्हाला," सभापती मायेने म्हणाला, आणि त्याने फळ्यावर ठराव लिहून टाकला. धाकटी खाली बसली.

तिला काय म्हणायचं होतं? त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला वाटलं, तिलाही शिक्षा मंजूरच होती. का नसावी? घरी ती नेहमीसारखीच वागायची, माझा चहाचा कप माझ्यापुढे ठेवायची, माझं पांघरूण नीट करायची. पण मी तिची वाक्यं पुरी करणं सोडलं होतं आणि ती स्वतः पुरी करायची तिला सवय नव्हती. त्यामुळे घरात बोलणंच कमी झालं. विचारायची हिंमत मला होईना. कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. एकच भीती होती, की बाहेरच्या शिक्षेला मुदत आहे, पण हिच्या मनातून मी उतरले असेन तर त्याला नाही.

त्या सोमवारी दादांची चिठ्ठी निघाली, मग काकूंची, मग पुन्हा दादांची, मग सभापतीची. पाचव्या सोमवारी धाकटीची निघाली.

पहिल्या दिवशी तिने एकच गोष्ट केली. जुळणीचं टेबल आतल्या कोपऱ्यातून खिडकीशी आणवलं. तिला उजेड कमी पडतो हे एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणाला म्हणजे मलाही. मंगळवारी तिने छापखान्याला फोन लावला. पलीकडच्याने ठेवून दिला. तिने पुन्हा लावला. त्याने पुन्हा ठेवला. मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले, कारण बाहेर असते तर रिसीव्हर हिसकावून घेतला असता. नळ बंद करून आले तेव्हा ती तिसऱ्यांदा बोलत होती आणि तो ऐकत होता. कागद बुधवारी वेळेवर आले.

गुरुवारी सर आले, काठी टेकत. फक्त शेवटचं पान द्यायचं राहिलंय, ते म्हणाले. कागद हातात आल्यावर पुस्तकं चार दिवसांत मिळतील का? प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला, तीच सवय. मी हातातल्या घडीच्या पट्टीकडे पाहत राहिले. दादा म्हणाले, या आठवड्यात मुख्य धाकटी आहे. सर तिच्याकडे वळले. ती म्हणाली, आठ दिवस, सरस वाळायला हवा. एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. सरांनी पाच मागून पाहिले, सहा मागून पाहिले. ती आठवर कायम राहिली आणि सरांनी मान डोलावली. मला तिचा असा काही अभिमान वाटला की तो लपवायला मी एक घडी घातलेला फर्मा पुन्हा उघडून पुन्हा दुमडला.

मग सर स्टुलावर बसले आणि त्यांनी वही काढली. पानं उलटत म्हणाले, शेवटच्या पानावर अजून एक ओळ कोरी आहे. इथल्या प्रत्येकाला विचारलं मी. तुमचंही उत्तर लिहिलेलं आहे, पण ते तुमच्या ताईने दिलेलं. तुमच्या मते कोणती पद्धत चांगली?

धाकटीने हातातले फर्मे खाली ठेवले.

"ज्या... ज्या रा-" ती म्हणाली, आणि अडली.

दादांनी यंत्र बंद केलं. काकूंची सुई थांबली. पुढचं वाक्य मला कळलं होतं. ज्या राज्यात प्रत्येकाची पाळी येते. दुसरं काय असणार? जिची पाळी चौदा आठवडे चोरली गेली ती दुसरं काय म्हणणार? वाक्य माझ्या दातांच्या मागे तयार होतं. मी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरले. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, डोळे मिटले होते. सर पेन हातात धरून बसले होते, आणि त्यांना जगात दुसरं काही काम नसावं असे बसले होते.

"ज्या राज्यात," ती म्हणाली, "चु-चुकलेल्या माणसाला परत आत घेतात." मग तिने डोळे उघडले आणि सभापतीकडे पाहिलं. "त्या दिवशी मी हे-हेच सांगत होते."

सभापती उठला, फळ्यापाशी गेला, आपलाच ठराव त्याने तळहाताने पुसला आणि पांढरा झालेला हात पँटला पुसत जागेवर येऊन बसला. सर लिहीत होते. काकू डोळे पुसत होत्या. मी रडत होते, आणि या वेळी हक्क आहे की नाही हे मी कोणाला विचारलं नाही.

पण माझं रडणं तिने मला माफ केलं होतं एवढ्याचसाठी नव्हतं. पाळीचं ते वाक्य माझं होतं. तिच्या मनात ते नव्हतंच. मी तोंड उघडलं असतं तर सरांनी तेच लिहून घेतलं असतं, आणि ती हसून फर्मे उचलायला लागली असती. अशी किती वाक्यं मी आयुष्यभर तिच्या तोंडी घातली? आणि तिची स्वतःची गेली कुठे?

संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. कोपऱ्यावर आल्यावर मी तिला विचारलं. आई गेली तेव्हा मामा न्यायला आले होते. तू सोळा वर्षांची होतीस. ते म्हणाले, आमच्याकडे येतेस का, पुढे शिकशील. तू बोलायला लागलीस आणि मी म्हटलं, तिला माझ्याजवळच राहायचंय. तू काय सांगणार होतीस?

ती चालता चालता थांबली. अठ्ठावीस वर्षांनी विचारलं, म्हणून हसली थोडी. मग सांगायला लागली. मध्ये मध्ये अडत होती आणि मी गप्प होते. घराचं दार आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं, म्हणून आम्ही दारातून परत फिरलो आणि पुन्हा रस्त्याला लागलो.